पार्क मॉडेलमध्ये बारमाही राहायचं असेल, तर आधी जमीन शोधा, मग घर

अमेरिकेत घरभाडं आवाक्याबाहेर गेलं की शोधाशोध करणाऱ्याला ‘पार्क मॉडेल’ हे नाव कधीतरी भेटतंच. पोलादी चासीवर बांधलेलं, चाकं असलेलं, पण आतून चारचौघांच्या फ्लॅटसारखं छोटं घर. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, पूर्ण आकाराचं बाथरूम, काहींत वर झोपण्यापुरता माळा. मुंबईच्या वन रूम किचनमध्ये वाढलेल्याला ४०० चौरस फूट काही लहान वाटणार नाहीत. नव्या युनिटची किंमत साधारण ६० हजार ते सव्वा लाख डॉलर, जुनं त्याहून बरंच स्वस्त.

बहुतेक लोक जाहिरातीतला फोटो पाहून युनिट पसंत करतात आणि ते ठेवायचं कुठे हा प्रश्न नंतर सोडवायला घेतात. त्यातूनच पुढची निम्मी दुखणी उभी राहतात. घर कारखान्यातून हवं तसं मिळतं, पण त्यात बारा महिने राहू देणारी जागा मिळवावी लागते. म्हणून या लेखात जमीन आधी येते आणि युनिट मागाहून.

कायद्याच्या नजरेत हे घर नाही

पार्क मॉडेल अमेरिकी राष्ट्रीय मानक संस्थेच्या ‘अँसी ए११९.५’ या मानकानुसार बांधलं जातं. मांडून झाल्यावर क्षेत्रफळ ४०० चौरस फुटांपेक्षा जास्त चालत नाही. माळ्याची उंची ५ फुटांपेक्षा कमी असेल तर तो भाग त्यात धरत नाहीत, म्हणूनच माळ्यावर बसता येतं पण उभं राहता येत नाही. कॅनडात मानक वेगळं आहे (सीएसए झेड२४१) आणि मर्यादा ५० चौरस मीटरची आहे. पुढचं सगळं विवेचन अमेरिकेपुरतं आहे.

मोबाइल होम किंवा मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात ती घरं केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे एचयूडीच्या, संहितेनुसार बांधलेली असतात. ही संहिता १५ जून १९७६ पासून लागू आहे. पार्क मॉडेलला तिच्यातून सूट मिळते, कारण ते आरव्ही, म्हणजे सहलीचं वाहन मानलं जातं. २०१८ च्या नियमात एचयूडीने या सवलतीच्या अटी स्पष्ट केल्या. त्यातल्या एका अटीनुसार नवं युनिट विकताना स्वयंपाकघरात ठळक सूचना लावावी लागते: हे युनिट फक्त सहलीच्या वापरासाठी आहे, मुख्य निवासासाठी किंवा कायमच्या वास्तव्यासाठी नाही.

ही सूचना वाचून अनेकांना धक्का बसतो. तिचा अर्थ नीट समजून घ्या. कारखानदार काय हेतूने बांधतो ते तिथे लिहिलेलं असतं. तुम्ही त्यात वर्षभर राहू शकता की नाही, हे राज्य, काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) किंवा शहर आणि जागेचा मालक ठरवतात. काही ठिकाणी कुणाचीच हरकत नसते, तर काही ठिकाणी १८० दिवसांनी बाहेर काढतात. आणि विक्रेत्याने तोंडी दिलेलं ‘सगळेच राहतात हो’ हे आश्वासन काउंटीच्या निरीक्षकापुढे कामाचं नाही.

इथेच एक स्पष्ट सल्ला. जमीन तुमच्या मालकीची असेल आणि तिथे छोटं मॅन्युफॅक्चर्ड होम चालत असेल, तर पार्क मॉडेलऐवजी तेच घ्या. किमतीत फार फरक पडत नाही, ते राहण्यासाठीच्या संहितेनुसार बांधलेलं असतं आणि त्यावर कर्जही सोपं मिळतं. पार्क मॉडेलचा खरा उपयोग तिथे, जिथे त्याच्यासाठीच आखलेले लॉट, म्हणजे प्लॉट, आहेत: फ्लोरिडा, ॲरिझोनातले मेसा, अपाचे जंक्शन, युमा, टेक्ससमधलं रिओ ग्रांदे खोरं.

पायरी १: जागा

जागेचे चार प्रकार: आरव्ही पार्कमधला (आरव्ही ठेवायच्या वसाहतीतला) भाड्याचा लॉट, मोबाइल होम पार्कमधला लॉट, एचओए (मालकांची सोसायटी) असलेल्या रिसॉर्टमधला विकतचा लॉट आणि स्वतःची मोकळी जमीन. चौथा प्रकार सगळ्यांना सोपा वाटतो आणि तोच बहुतेक वेळा सर्वांत अवघड निघतो. अनेक काउंट्यांमध्ये निवासी जमिनीवर आरव्हीत कायमचं राहायला बंदी असते. त्यात सेप्टिक टँक, बोअरवेल आणि विजेचा खांब हा खर्च वेगळा.

काउंटीच्या किंवा शहराच्या प्लॅनिंग अँड झोनिंग कार्यालयाला ईमेल पाठवा. फोनवर माहिती घ्यायला हरकत नाही, पण उत्तर लेखी हवं. पत्त्याबरोबर पार्सल नंबर (जमिनीच्या तुकड्याचा सरकारी क्रमांक) द्या आणि एवढं विचारा:

१. या पार्सलवर अँसी ए११९.५ प्रमाणित पार्क मॉडेलमध्ये सलग बारा महिने राहता येतं का?
२. नसेल तर जास्तीत जास्त किती दिवस?
३. युनिट बसवायला परमिट लागतं का, आणि बसवणारा परवानाधारकच हवा का?
४. पायऱ्या, डेक, छप्पर, शेड यांना वेगळं परमिट लागतं का?
५. ही जागा पूरक्षेत्रात येते का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर फेमाच्या, म्हणजे केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, पूर नकाशावर स्वतःही तपासा. नकाशावर जागा ‘ए’ किंवा ‘व्ही’ अक्षराने सुरू होणाऱ्या झोनमध्ये असेल, तर केंद्राच्या पूरक्षेत्र नियमांनुसार आरव्ही तिथे सलग १८० दिवसांपेक्षा कमी काळ ठेवावा लागतो, किंवा तो नोंदणीकृत आणि कधीही रस्त्यावर नेता येईल अशा स्थितीत असावा लागतो. हे दोन्ही जमत नसेल तर मॅन्युफॅक्चर्ड होमसारखा तो उंचावर बसवून जखडावा लागतो. डेक लावलेलं, चाकं काढलेलं, १२ फूट रुंद पार्क मॉडेल ‘रस्त्यावर न्यायला तयार’ ठरत नाही. मग पूरपातळीच्या वर चढवण्याचा खर्च येतो आणि सगळं गणित बिघडतं. नदीकाठचा स्वस्त लॉट स्वस्त का आहे, याचं उत्तर पुष्कळदा इथेच मिळतं.

राज्याचा कायदा तुमच्या बाजूने आहे का, हेही पाहा. ओरेगनमध्ये आरव्ही पार्क किंवा मोबाइल होम पार्कमधल्या आरव्हीला पाणी, वीज आणि सांडपाण्याची कायदेशीर जोडणी असेल, तर केवळ तो आरव्ही आहे म्हणून स्थानिक प्रशासन तिथल्या वास्तव्यावर बंदी किंवा मुदत घालू शकत नाही. वॉशिंग्टनमध्ये मोबाइल होम पार्कमध्ये मुख्य घर म्हणून वापरलेल्या आरव्हीला असंच संरक्षण आहे. ॲरिझोनात आरव्हीची जागा १८० दिवसांपेक्षा जास्त काळ भाड्याने घेणाऱ्यांसाठी स्वतंत्र भाडेकरू कायदा आहे. असा कायदा नसलेल्या राज्यात तुमचे हक्क म्हणजे करारात लिहिलेल्या ओळी, तेवढ्याच.

तो करार सही करण्यापूर्वी घरी आणून वाचा. पुढच्या गोष्टी शोधा:

लॉटचं भाडं किती आणि दरवर्षी वाढ कशावर ठरते. ‘बाजारभावानुसार’ असं लिहिलं असेल तर वाढीला मर्यादा नाही असं समजा.

पाणी, सांडपाणी, कचरा, वीज भाड्यात आहे की वेगळी. वीज पार्कच्या उपमीटरवर असेल तर विजेच्या प्रति युनिटचा दर लेखी घ्या.

युनिटच्या वयाची अट. बरेच आरव्ही पार्क १० वर्षांपेक्षा जुनं युनिट आत घेत नाहीत. आज आत असलेलं तुमचं युनिट विकताना जागेवरच ठेवता येईल की बाहेर न्यावं लागेल, हे विचारा. बाहेर न्यावं लागणाऱ्या युनिटला गिऱ्हाईक मिळत नाही.

नव्या मालकाला लॉट देण्याचा अधिकार कुणाचा. पाहुणे किती दिवस राहू शकतात. भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात त्या घरांनी ही ओळ आधी वाचावी. अनेक पार्कांत पाहुण्यांची मुदत दोन ते चार आठवडे असते आणि त्यानंतर माणशी शुल्क लागतं.

‘५५+’ पार्क हा निराळा विषय. १९९५ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा वसाहतीत वापरातल्या किमान ८० टक्के घरांमध्ये ५५ किंवा त्याहून जास्त वयाची एक तरी व्यक्ती राहत असावी लागते. अशा वसाहतीला मुलं असलेल्या कुटुंबांना नाकारायची कायद्याने मुभा आहे. पार्क मॉडेलचे उत्तम लॉट बऱ्याचदा याच पार्कांत असतात. तिशीतल्या जोडप्याने तिथे नाव नोंदवण्यात वेळ घालवू नये. निवृत्त आई-वडील ग्रीनकार्डवर आले असतील तर त्यांच्यासाठी मात्र जरूर पाहावं.

पायरी २: पैशांचं गणित

पार्क मॉडेलला घराचं नेहमीचं मॉर्गेज मिळत नाही. आरव्ही कर्ज किंवा जंगम मालमत्तेवरचं कर्ज मिळतं. व्याजदर मॉर्गेजपेक्षा जास्त, मुदत बहुधा १० ते २० वर्षं, सुरुवातीला १० ते २० टक्के रक्कम भरावी लागते. ‘यात कायम राहणार आहे’ असं सांगितल्यावर काही सावकार मागे हटतात. तरीही खरं सांगा. अर्जात खोटं लिहिलं तर पुढे कर्ज आणि विमा दोन्ही अडचणीत येतात.

नमुन्याचा हिशेब असा. युनिट ८०,००० डॉलर, त्यातले १६,००० रोख आणि ६४,००० कर्ज, ९ टक्के दराने १५ वर्षांसाठी. हप्ता सुमारे ६४९ डॉलर. लॉटचं भाडं ७०० धरा, विमा ८०, वीज १३०. महिन्याचे १,५५९ डॉलर झाले. शेजारच्या गावातल्या एका बेडरूमच्या भाड्याशी हा आकडा ताडून पाहा. फरक दोनशे डॉलरचाच असेल तर हा व्याप करू नका.

आता दहा वर्षं पुढे जाऊ. लॉटचं भाडं वर्षाला ६ टक्क्यांनी वाढलं तर ७०० चे १,२५४ होतात आणि कर्ज तरीही सुमारे ३१,००० डॉलर शिल्लक असतं. याच काळात युनिटची किंमत गाडीसारखी उतरत जाते, कारण किंमत वाढते ती जमिनीची आणि जमीन तुमची नाही. शक्य असेल तर जुनं, चांगल्या स्थितीतलं, लॉटवर आधीच बसवलेलं युनिट रोखीने घ्या. स्वस्त घर म्हणून पार्क मॉडेल खऱ्या अर्थाने परवडतं ते असं.

सुरुवातीच्या खर्चात लोक विसरतात त्या गोष्टी: वाहतूक, मांडणी, जखडणी, स्कर्टिंग (युनिटखालची मोकळी जागा झाकणारं आवरण), पायऱ्या, वीज-पाण्याची जोडणी, राज्याचा विक्रीकर. नव्या युनिटवर यासाठी किमतीच्या १५ ते २० टक्के वेगळे ठेवावेत. एक दिलासा असा की, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेला ट्रेलर प्राप्तिकराच्या नियमांत घर म्हणून धरला जातो. त्यामुळे कर्ज त्याच्याच तारणावर असेल आणि तुम्ही वजावटी तपशीलवार मांडत असाल, तर व्याजाची वजावट मागता येते.

पायरी ३: युनिट निवडणं

नवं मागवत असाल तर संगमरवरासारखा दिसणारा ओटा आणि शोभेची फायरप्लेस सोडा. पैसे इन्सुलेशनमध्ये घाला. पार्क मॉडेलची मूळ रचना हंगामी वापराची असल्यामुळे भिंती, जमीन आणि छत यांचं इन्सुलेशन अनेकदा किमानच असतं. जमिनीखालचं आणि छताचं इन्सुलेशन वाढवून घ्या आणि दुहेरी काचेच्या खिडक्या मागा. बर्फाच्या प्रदेशात छत किती भार पेलेल याचा आकडा लेखी घ्या. दक्षिणेत चालणारं प्रति चौरस फूट २० पौंडांचं छत उत्तरेत अपुरं पडतं. वीज १०० अँपिअरच्या पॅनेलची मागा. कारण पुढे येतंच आहे.

जुनं पाहायला जाताना टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, छोटी शिडी आणि लेव्हल बरोबर न्या. कमोडच्या भोवती, शॉवरच्या कडेला आणि वॉटर हीटरखाली टाचेने दाबून चाला. जमीन लवत असेल तर खालचा बोर्ड कुजला आहे. छतावर सांध्यांचं आणि व्हेंटभोवतालचं सीलंट तडकलंय का पाहा. आत छतावर चहाच्या रंगाचे डाग आणि कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात कुबट वास असेल, तर गळती जुनी आहे. युनिटखाली सरपटत जाऊन तळाचं काळं आवरण फाटलंय का ते बघा. फाटलं असेल तर आत उंदीर आणि ओलं इन्सुलेशन सापडणार. नळाच्या वाहिन्या मऊ करड्या प्लॅस्टिकच्या असतील तर त्या पॉलिब्युटिलीनच्या असू शकतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या वापरात होत्या आणि सांध्यांशी फुटतात. सगळ्या बदलाव्या लागतील असं धरूनच भाव करा.

कागदांत टायटलवरचा (मालकीच्या दाखल्यावरचा) व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, आणि चासीवर कोरलेला क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. दाराजवळ आरव्ही उद्योग संघटनेचं, म्हणजे आरव्हीआयएचं सील आणि अँसी ए११९.५ चा उल्लेख हवा. ते नसेल तर अनेक पार्क युनिट आत घेत नाहीत. आणखी एक सावधगिरी: २००५ च्या कतरिना वादळानंतर फेमाने निवाऱ्यासाठी घेतलेल्या ट्रेलर आणि पार्क मॉडेलांत फॉर्माल्डिहाइडचं प्रमाण जास्त आढळलं होतं. ती युनिटं पुढे लिलावात विकली गेली आणि अजूनही फिरतात. २००५-०६ चं, आतून अगदी साधं, फार स्वस्त युनिट दिसलं तर त्याचा पूर्वेतिहास विचारा.

पायरी ४: वाहतूक आणि मांडणी

युनिट साडेआठ फुटांपेक्षा रुंद असल्याने ते प्रत्येक राज्याच्या खास परमिटवर न्यावं लागतं. घरच्या पिकअपने ओढण्याचा विचार नको. परवानाधारक वाहतूकदार ठरवा, त्याच्या विम्याची प्रत घ्या आणि तो येण्यापूर्वी पार्कमधला रस्ता, वळण, झाडांच्या फांद्या आणि लोंबत्या तारा तपासा.

मांडणीसाठी जमीन समतल आणि घरापासून बाहेरच्या बाजूला किंचित उतार असलेली हवी. पाणी खाली साठलं की खांब खचतात. जमिनीवर ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीची प्लॅस्टिक शीट अंथरा आणि सांधे फूटभर एकमेकांवर घ्या.

भाराचा हिशेब करून पाहा. युनिटचं वजन २४,००० पौंड धरा. आतला वापराचा भार प्रति चौरस फूट ४० पौंड, म्हणजे १६,०००. छतावरचा भार २० पौंडांनी ८,०००. एकूण ४८,००० पौंड. चासीला दोन पोलादी तुळया असतात. ३८ फूट लांबीवर सुमारे साडेपाच फुटांच्या अंतराने प्रत्येक तुळईखाली ८, असे १६ खांब येतात आणि प्रत्येकावर ३,००० पौंड पडतात. माती प्रति चौरस फूट १,५०० पौंड पेलणारी असेल तर पायाला किमान २ चौरस फूट जागा लागते. १६ इंच लांबी-रुंदीचा पॅड १.७८ चौरस फुटांचाच असतो, म्हणजे तोकडा पडतो. २० इंचांचा पॅड २.७८ चौरस फूट देतो. बसवणारा माणूस १६ इंची पॅड घेऊन आला तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. कारखान्याच्या मांडणी पुस्तिकेत खांबांचं अंतर दिलेलं असतं आणि ते या नमुन्यापेक्षा कमी असेल तर पुस्तिकेचंच ऐका.

खांबांसाठी ८ × ८ × १६ इंचांचे काँक्रीटचे ब्लॉक, त्यांची भोकं उभी ठेवून. आडवी ठेवली तर ब्लॉक चिरडतो. वर सपाट टोपी-ब्लॉक आणि तुळईशी फट उरली तर कठीण लाकडाच्या पाचरी समोरासमोर जोडीने ठोकायच्या. पहिला आणि शेवटचा खांब तुळईच्या टोकापासून २ फुटांच्या आत असावा. थंड प्रदेशात पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो किंवा त्यासाठी आखलेला स्लॅब घालावा लागतो. उत्तरेकडच्या राज्यांत ही रेषा ४ फुटांहूनही खोल असते. ते टाळलं तर हिवाळ्यात गोठलेली माती खांब उचलते आणि वसंतात सोडते.

पहिल्या दोन महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी लेव्हल तपासा. दार आपोआप उघडतं, खिडकी अडकते, भिंतीच्या सांध्यावर तिरपी चीर दिसते, ही खांब खचल्याची खूण. दाराला रंधा मारून प्रश्न सुटत नाही. खालचा खांब पुन्हा बसवावा लागतो.

वाऱ्यासाठी जमिनीत स्क्रूसारखे नांगर पिळून चासीला पोलादी पट्ट्यांनी जखडतात. फ्लोरिडात पार्क ट्रेलरच्या मांडणीचे नियम राज्याच्या कायद्यातच आहेत. इतरत्र सक्ती नसली तरी जखडणी करा. पण त्यामुळे घर वादळात राहण्याजोगं होत नाही. चक्रीवादळात मोबाइल होम आणि आरव्हीवाल्यांना घर सोडायचा आदेश येतो तेव्हा सोडायचंच. निवाऱ्याचा पत्ता, कागदपत्रांची पिशवी आणि औषधं जूनच्या आधी तयार ठेवा, कारण अटलांटिकचा वादळी हंगाम १ जूनला सुरू होतो.

भोवती स्कर्टिंग लावताना हवा खेळती ठेवा. मजल्याच्या दर १५० चौरस फुटांना १ चौरस फूट व्हेंट, म्हणजे ४०० ला पावणेतीन चौरस फुटांच्या आसपास, आणि ते चारही बाजूंना विभागून. एक सुटा भाग सहज काढता येईल असा ठेवा. नळ फुटल्यावर रात्री दोनला तिथूनच आत शिरायचं असतं. डेक किंवा व्हरांडा स्वतःच्या पायावर उभा राहील असा बांधा आणि युनिटला खिळू नका. खिळला की युनिटचा आरव्ही दर्जा, हलवण्याची सोय आणि भिंतीचं जलरोधन, तिन्ही धोक्यात येतात.

पायरी ५: वीज, पाणी, सांडपाणी

५० अँपिअरच्या चार पिनांच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन फेज मिळतात, मिळून १२,००० वॉट. ऐकायला भरपूर वाटतं. पण टाकीचा वॉटर हीटर ४,५०० वॉट, हीटरची कॉइल ५,०००, शेगडीचा एक मोठा बर्नर २,४०० आणि इन्स्टंट पॉट १,०००, म्हणजे १२,९००. जानेवारीतल्या सकाळी अंघोळ आणि नाश्ता एकाच वेळी चालला की ब्रेकर पडणार. म्हणून १०० अँपिअरचा आग्रह. तीन पिनांचा ३० अँपिअरचा आरव्ही सॉकेट फक्त ३,६०० वॉटचा असतो, त्यावर बारमाही संसार चालत नाही.

जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने पेडस्टल (लॉटवरचा विजेचा खांब) तपासा. प्रत्येक फेज ते न्यूट्रल ११४ ते १२६ व्होल्ट, दोन फेजमध्ये २४० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ जवळजवळ शून्य. न्यूट्रल ढिला असेल तर एका फेजवर व्होल्टेज चढून फ्रीज, मायक्रोवेव्ह, राउटर एकदम जळतात. न्यूट्रल तुटल्यावर वीज तोडणारं संरक्षक उपकरण घ्या. नुसता सर्ज प्रोटेक्टर हे काम करत नाही. युनिटच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले नसावेत, ती जोडणी बाहेरच्या मुख्य डिस्कनेक्टपाशीच असते. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच.

पाण्याच्या नळावर ५० ते ६० पीएसआयचा प्रेशर रेग्युलेटर बसवा. पार्कचा दाब रात्री बराच चढतो आणि सिंकखालचे सांधे तेव्हाच सुटतात. बारमाही राहायचं तर बागेचा होज काढून टाका आणि पेक्स या लवचिक प्लॅस्टिकच्या नळीची कायम जोडणी करा. गोठणाऱ्या प्रदेशात उघड्या वाहिनीवर स्वयंनियंत्रित हीट केबल आणि वर इन्सुलेशन. केबल प्रमाणित हवी, मॅन्युफॅक्चर्ड होमच्या वापरासाठी असल्याचं तिच्यावर लिहिलेलं हवं, आणि एकमेकांवरून गुंडाळलेली नको. साध्या केबलची गुंडाळीवर गुंडाळी पडली की तिथे तापून आग लागू शकते. दर ऑक्टोबरला केबल चालू आहे का ते पाहा.

ट्रॅव्हल ट्रेलरला असतात तशा सांडपाण्याच्या टाक्या पार्क मॉडेलला बहुधा नसतात. ते थेट गटारवाहिनीला जोडलं जातं. ३ इंची कडक वाहिनी आणि दर फुटाला पाव इंच उतार. १२ फुटांवर ३ इंच. दर ४ फुटांवर आधार द्या. मध्ये झोळ पडला की तिथे घाण साचते, आणि थंडीत गोठते. गोठू नये म्हणून नळ ठिबकत ठेवण्याचा सल्ला शेजारी देतील. सांडपाण्याच्या वाहिनीसाठी तो घातक आहे: बारीक धार उघड्या वाहिनीत थराथराने गोठत जाऊन ती बंद करते.

पायरी ६: फोडणी आणि ओल

आपल्या स्वयंपाकाला हे घर तयार नसतं, हे आधीच सांगायला हवं. शेगडीवरचा पंखा बऱ्याचदा हवा गाळून परत घरातच सोडतो. मोहरी-मिरचीची फोडणी, तळण, कुकरच्या शिट्ट्या, सगळ्याची वाफ आणि तेल ४०० चौरस फुटांत फिरत राहतं आणि आठवड्याभरात गादीलाही वास येतो. ६ इंची डक्टने भिंतीतून थेट बाहेर टाकणारा हूड बसवा आणि चालवताना एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. घट्ट बंद घरात जोरदार पंखा प्रोपेनच्या हीटरचा धूर आत ओढू शकतो. प्रोपेन जळताना स्वतःही पाण्याची वाफ सोडतो, म्हणून पर्याय असेल तर इंडक्शन उत्तम.

आर्द्रता मोजणारं दहा-पंधरा डॉलरचं यंत्र भिंतीला लावा. ३० ते ५० टक्के ठीक. ६० च्या वर राहिलं की खिडक्यांवर पाणी जमतं आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे बुरशी धरते. कपाटं भिंतीपासून २ इंच पुढे ओढा, गादीखाली पट्ट्यांची चौकट ठेवा, अंघोळीनंतर पंखा अर्धा तास चालू राहू द्या. ओले कपडे आत वाळत घालण्याची सवय असेल तर डीह्युमिडिफायर अपरिहार्य.

गरम-थंडासाठी ९,००० ते १२,००० बीटीयूचा मिनी-स्प्लिट एसी बहुतेक ठिकाणी पुरतो. धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि प्रोपेन यांचे तिन्ही इशारायंत्र हवेत. प्रोपेनचं जमिनीलगत, कारण तो हवेपेक्षा जड असतो. फोडणीने धुराचा अलार्म सारखा वाजतो म्हणून बॅटरी काढून ठेवणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नका. यंत्र शेगडीपासून दूर सरकवा. माळ्यावर मुलं झोपणार असतील तर तिथून बाहेर पडायला खिडकी आहे का ते खरेदीआधीच पाहा.

पायरी ७: पत्ता, विमा, नोंदणी

पार्कच्या कार्यालयाकडून लॉट क्रमांकासह रस्त्याचा पत्ता लेखी घ्या. ड्रायव्हिंग लायसन्स, शाळाप्रवेश, बँक या सगळ्यांना निवासाचा पत्ता लागतो आणि नुसती पोस्टाची पेटी बऱ्याच ठिकाणी चालत नाही. एच-१बी, एच-४ किंवा ग्रीनकार्डवर असाल तर घर बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ अर्जाने पत्ता कळवणं बंधनकारक आहे. ट्रेलरमध्ये राहायला गेलो म्हणजे ‘घर’ बदललं नाही, असा समज करून घेऊ नका.

विमा घेताना ‘पूर्णवेळ निवास’ असा उल्लेख असलेली पॉलिसी मागा. सहलीच्या आरव्हीची पॉलिसी स्वस्त मिळते, पण बारमाही राहत असल्याचं दाव्याच्या वेळी उघड झालं की दावा फेटाळला जाऊ शकतो. भरपाई घसारा वजा करून की नव्या किमतीने, पाहुणा पायरीवरून पडला तर दायित्व आहे का, शेड आणि डेक धरलेत का, हे तीन प्रश्न विचारा. पुराचा विमा वेगळा असतो.

नोंदणी राज्यागणिक बदलते. फ्लोरिडात युनिट तुमच्या स्वतःच्या जमिनीला कायमचं जोडलेलं असेल तर ‘आरपी’ (रिअल प्रॉपर्टी, म्हणजे स्थावर मालमत्ता) स्टिकर लागतं आणि मालमत्ता कर भरावा लागतो. भाड्याच्या लॉटवर असेल तर दरवर्षी नोंदणीचं टॅग नवं करायचं. टायटल, मूळ बिल, आरव्हीआयए सीलचा फोटो आणि मांडणीचं परमिट एकत्र ठेवा. काढलेली चाकं, धुरा आणि ओढायचा आकडाही विकू नका, युनिटखालीच ठेवा. पार्क विकला गेला किंवा बंद झाला तर युनिट हलवायची वेळ येते, आणि तेव्हा चाकं नसलेलं युनिट उचलून न्यायचा खर्च त्याच्या किमतीच्याही वर जाऊ शकतो.